रोगाची माहिती आपल्या भाषेत का नसावी?

डर्मॅटोमायोसायटिस हा शब्द आपल्यापैकी अनेकांच्या कानावर फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रथमच पडला. 'दंगल' चित्रपटात लहानपणीच्या बबिताची भूमिका करणारी सुहानी भटनागर त्या महिन्यात या आजाराने गेली. ती अवघी एकोणीस वर्षांची होती. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये अभिनेत्री समंथा रूथ प्रभू हिने आपल्याला मायोसायटिस असल्याचे जाहीर केले होते. दोन्ही वेळा चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. आमच्या घरात तो मागे पडणे शक्य नाही, कारण माझ्या थोरल्या बहिणीला हाच आजार आहे.

या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते. स्नायूंचा व कातडीचा दाह होतो. मांड्या, कंबर, खांदे, दंड यांतले बळ जाते. जमिनीवरून उठवत नाही, जिना चढवत नाही, वेणी घालायला हात वर होत नाही. पापण्यांवर जांभळट लाली येते, बोटांच्या सांध्यांवर चट्टे उठतात. काहींना गिळताना त्रास होतो, काहींच्या फुप्फुसांपर्यंत रोग पोचतो. हा रोग संसर्गाने पसरत नाही.

ताईची ही सारी लक्षणे आम्हाला दिसत होती; पण त्यांचा एकत्रित अर्थ कोणाला लागत नव्हता. चट्ट्यांवर मलम, अशक्तपणावर टॉनिक, आणि शेजारच्या बायकांच्या मते नुसता आळस! यात सात महिने गेले. स्नायू दुबळे झाले असता संधिवाततज्ज्ञाकडे जायचे असते, हे आमच्यासारख्यांना सुचणार तरी कसे? शेवटी रक्ताची सीपीके ही तपासणी झाली, स्नायूचा तुकडा तपासला गेला, तेव्हा रोगाचे नाव कळले.

घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून सारे कागद माझ्या हाती आले. मोबाईलवर माहिती भरपूर होती, पण ती इंग्रजीत. मराठीत माझ्या वाट्याला आल्या त्या बहुतेक हमखास इलाजाच्या जाहिराती. त्यातच एका नातेवाइकाने सांगितले की, स्टिरॉइड म्हणजे विष, आजच बंद करा. वास्तविक हे औषध बरेच दिवस घेतल्यावर डॉक्टरांना न विचारता एकदम थांबवणे धोक्याचे असते. एवढे एक वाक्य मराठीत छापून औषधाबरोबर मिळाले असते, तर आईच्या कितीतरी रात्री काळजीत गेल्या नसत्या.

खरा धीर मिळाला तो दवाखान्याच्या रांगेत. तेथे भेटलेल्या एका मावशींना तीन वर्षांपासून हाच आजार होता आणि त्यांच्या गोळ्या आता कमी होत आल्या होत्या. बसायला उंच स्टूल घे, कंगवा लांब दांड्याचा वापर, उन्हात तोंड झाकून जा, व्यायाम डॉक्टरांना विचारून कर, असे त्यांनी समजावले. परतताना एस.टी.त ताई म्हणाली, "म्हणजे माझ्यासारख्या आणखीही आहेत तर!"

आपण कला शाखेचे विद्यार्थी. रोग बरा करणे आपल्या हाती नाही. परंतु सोपे व अचूक मराठी लिहिणे हे तर आपलेच काम आहे. मराठी विभागाने एका पानाचे पत्रक तयार करावे, तज्ज्ञ डॉक्टरांकडून ते तपासून घ्यावे आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातून गावोगावच्या आरोग्य केंद्रांत पोचवावे. लक्षणे कोणती, तपासणी कोणती, जायचे कोणाकडे आणि औषध मनाने का थांबवू नये, एवढे त्यात असले तरी पुरे.

इतक्या थोड्या रोग्यांसाठी हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. ते थोडे आहेत म्हणूनच तो करायचा. ज्याच्या पंचक्रोशीत दुसरा रोगी नाही, त्याने विचारावे कोणाला? आपल्या प्राध्यापकांनी हे मनावर घ्यावे. पहिला खर्डा लिहायला मी तयार आहे.