एक स्टार द्यायचा की गप्प बसायचं?

गेल्या महिन्यात मी ६५ वॅटचा एक चार्जर मागवला. किंमत ५९९ रुपये, रेटिंग ४.६, रिव्ह्यू बरोबर चाळीस. खोकं उघडलं तर चार्जरच्या आधी एक चकचकीत कार्ड हातात आलं. ‘५ स्टार द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, १०० रुपये मिळवा.’ चार्जर अजून प्लगमध्ये गेलाही नव्हता.

मग तो गेला, आणि वीस मिनिटांत इतका तापला की काढताना मी ओढणीचं टोक वापरलं.

एक स्टार ठोकायला मी अ‍ॅप उघडलंच होतं. पण नोकरीमुळे एक सवय लागली आहे. बग नक्की कुठे आहे हे कळल्याशिवाय तिकीट टाकायचं नाही, नाहीतर मीटिंगमध्ये आपलीच शोभा होते. म्हणून थांबले.

चार्जरच्या बाबतीत थांबणं खरंच गरजेचं असतं. ‘फास्ट चार्जिंग होत नाही, फसवणूक’ असे रिव्ह्यू तुम्ही ढिगाने वाचले असतील. त्यातल्या बऱ्याच वेळी चार्जर निर्दोष असतो. काही फोन कंपन्यांची फास्ट चार्जिंगची पद्धत त्यांची स्वतःची असते. दुसरा कितीही दमदार चार्जर लावा, फोन तेवढी वीज मागतच नाही. केबलचंही तसंच. टाइप-सी केबलमधून ६० वॅटच्या पुढे जायचं तर केबल ५ अँपिअरची आणि आत ई-मार्कर चिप असलेली लागते. ड्रॉवरमधली जुनी केबल लावून चार्जरला शिव्या घालणं म्हणजे नळी चिमटीत धरून पाणी येत नाही म्हणण्यासारखं आहे.

मी ऑफिसचा लॅपटॉप घेतला, त्याचीच केबल घेतली, मध्ये वॅट दाखवणारा छोटा मीटर लावला. मूळ चार्जरवर आकडा साठच्या आसपास. नव्यावर वीसच्या पुढे जाईना. मग चार्जर उलटा करून पाहिला. भारतात असे अडॅप्टर विकायचे तर बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे आणि वस्तूवर ‘आर-’ने सुरू होणारा नंबर छापावा लागतो. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाची आहे ते दिसतं. माझ्या चार्जरवर नंबरच नव्हता.

आता शंका उरली नाही. रिव्ह्यू लिहिला, एक स्टार: ‘माझ्या लॅपटॉपवर मूळ चार्जरने साठ वॅट मिळतात, याने वीसच्या वर जात नाहीत. २० मिनिटांत हात लावता येत नाही इतका तापतो. बीआयएसचा नंबर नाही. खोक्यात ५ स्टारसाठी १०० रुपये देणारं कार्ड होतं.’ सोबत मीटरचा आणि कार्डाचा फोटो.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

“ताई, तुम्ही रिव्ह्यू टाकलाय ना चार्जरचा? पैसे आत्ता पाठवतो, वर दोनशे घ्या, फक्त तेवढा काढून टाका.”

मी भांडायच्या तयारीत होते, पण समोरचा आवाज माझ्यापेक्षा लहान मुलाचा होता. माल तो घाऊक बाजारातून आणतो, स्वतः पॅक करतो, घरातल्या एका खोलीत धंदा. ते कार्ड सगळेच टाकतात म्हणून त्यानेही छापून घेतलेलं. “तुमच्या एका स्टारने माझं लिस्टिंग खाली गेलं ताई,” तो म्हणाला.

गणित केलं तर तो खोटं बोलत नव्हता. चाळीस रिव्ह्यूंची सरासरी ४.६ म्हणजे एकूण १८४ स्टार. माझा एक धरून १८५, भागिले ४१. उत्तर ४.५१. एका माणसाने एका संध्याकाळी रेटिंग दशांशाने खाली आणलं. हाच एक स्टार पाच हजार रिव्ह्यू असलेल्या मोठ्या ब्रँडला दिला असता तर आकडा जागचा हललाही नसता. (अ‍ॅमेझॉनसारख्या साइट नुसती सरासरी काढत नाहीत, रिव्ह्यू किती ताजा आहे, खरेदी खरी आहे का, हेही मोजतात. पण दिशा तीच.) म्हणजे आपली तक्रार सर्वात जोरात लागते ती सर्वात लहान विक्रेत्याला. हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं, आणि त्या रात्री ते मनातून जाईना.

म्हणूनच कोणाची चूक कोणाच्या खात्यात जाते हे बघावं लागतं. मागच्या दिवाळीत सोलापूरची शेंगदाणा चटणी मागवली होती, बरणीचं झाकण फुटून अर्धी चटणी पाकिटात. एक स्टार द्यायचा मोह झालाच, पण खोक्यावर बुटाचा ठसा स्पष्ट होता. विक्रेत्या काकूंना फोटो पाठवला, चार दिवसांत दुसरी बरणी आली. तिथे रिव्ह्यू मी चटणीचा लिहिला, कुरिअरचा नाही. बऱ्याच साइटवर वस्तूचा रिव्ह्यू आणि विक्रेत्याचा फीडबॅक असे दोन वेगळे रकाने असतात आणि आपण सगळा राग पहिल्यातच ओततो. अ‍ॅमेझॉनवर डिलिव्हरी अ‍ॅमेझॉनने केली असेल आणि तक्रार फक्त उशिराची असेल, तर विक्रेत्यावरचा तो शेरा खोडून जबाबदारी कंपनी आपल्यावर घेते.

पण चार्जर ही चटणी नाही. गरम होणारा, नोंदणी नसलेला चार्जर कोणीतरी रात्री उशीजवळ लावून झोपणार आहे. पोराची दया येत असली तरी त्या एक्केचाळिसाव्या, बेचाळिसाव्या गिऱ्हाइकाला मी काय सांगणार होते? आणि आधीच्या चाळिसातले किती जण शंभर रुपयांचे होते? रेटिंग बिघडतं ते दोन्हीकडून. एकीकडे विकत घेतलेली स्तुती, दुसरीकडे ‘जाऊ दे, कशाला कोणाच्या पोटावर पाय’ म्हणून गप्प बसलेली चांगली माणसं.

कायदा याबाबत काय म्हणतो? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला बंदी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये बीआयएसने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी खास मानक आणलं, आयएस १९०००. रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का हे तपासा, पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू छापू नका, असं त्यात आहे. अडचण एकच: ते ऐच्छिक म्हणून आलं. २०२४ मध्ये ते सक्तीचं करण्याची चर्चा सरकारने सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खोटे रिव्ह्यू विकणं-विकत घेणं यावर बंदीचा नियम केला, ज्यात दर उल्लंघनाला ५० हजार डॉलरहून जास्त दंड होऊ शकतो. ब्रिटननेही एप्रिल २०२५ पासून खोट्या रिव्ह्यूंवर थेट बंदी घातली. आपल्याकडे अजून शंभर रुपयांचं कार्ड खोक्यात बिनधास्त येतं. त्यात आता एआयने दोन मिनिटांत पन्नास रिव्ह्यू लिहून मिळतात, मराठीतसुद्धा, चुकीच्या वेलांटीसकट. अशा वेळी फोटो आणि आकडा असलेला एक रिव्ह्यू ‘बकवास प्रॉडक्ट’ लिहिलेल्या वीसांपेक्षा मोलाचा. बऱ्याच साइटवर एआय आता सगळ्या रिव्ह्यूंचा सारांश वर दाखवतं. ‘बकवास’मधून सारांशात घ्यायला त्याला काही सापडत नाही, ‘२० मिनिटांत तापतो’ मधून सापडतं.

एक गोष्ट मात्र मला खरोखर अस्वस्थ करून गेली. त्याच्याकडे माझा नंबर होता, पत्ता होता, आणि मी एकटी राहते. बऱ्याचदा प्लॅटफॉर्म नंबर झाकतात, पण विक्रेता स्वतः माल पाठवत असेल तर लेबलवर सगळं असतं. हा मुलगा सभ्य होता. प्रत्येक जण असेलच असं नाही. माझ्या मैत्रिणी याच भीतीने निगेटिव्ह काही लिहीतच नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही. निदान प्रोफाइलवरचं दिसणारं नाव बदला, रिटर्न आणि रिफंड पूर्ण झाल्यावरच लिहा, फोनवर बोलणं टाळून सगळं अ‍ॅपच्या चॅटमध्ये आणा, धमकी आली तर स्क्रीनशॉट ठेवून पोलिसांत जा. आणि लिहिताना जे दिसलं तेवढंच लिहा. ‘तापला’ हे तुम्ही दाखवू शकता, ‘हा चोर आहे’ हे नाही. अब्रुनुकसानीचं कलम, आता भारतीय न्याय संहितेतलं ३५६, रिव्ह्यूलाही लागू होऊ शकतं.

मी त्याला सांगितलं, ५९९ परत कर, वरचे दोनशे नकोत, रिव्ह्यू काढणार नाही. तो थोडा वेळ गप्प होता. मग “ठीक आहे ताई” म्हणाला आणि तासाभरात पैसे आले. मी रिव्ह्यूखाली ओळ वाढवली: ‘विक्रेत्याने न भांडता पूर्ण रिफंड दिला.’ विक्रेत्याच्या रकान्यात तेवढ्यासाठी तीन स्टार दिले. वस्तूचा एक स्टार तसाच. चार्जर तर बदलला नव्हता.

कार्डाची तक्रार प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे केली. नियमाप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो. पोच आली, तीही ऑटोमॅटिक. महिना पुढच्या गुरुवारी संपतोय. उत्तर नाही आलं तर १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावणार आहे. परवा पाहिलं तर लिस्टिंग अजून आहे, रेटिंग ४.४ झालंय. माझ्यानंतर दोघांनी तापण्याबद्दल लिहिलंय. एकाने त्याच कार्डाचा फोटो टाकलाय, त्यावर आता १०० खोडून पेनाने १५० केलेले आहेत.