किल्ल्या कोणाच्या हाती?

बँक असो, रुग्णालय असो वा शिक्षणसंस्था, तिचा सर्व्हर हाताळणारा तंत्रज्ञ आज बहुधा त्या यंत्रासमोर बसलेला नसतो. जाळ्याने जोडलेल्या संगणकात तो दुरूनच प्रवेश करतो. ही सोय आता टाळता येण्यासारखी नाही. परंतु सोय म्हणजे एक दारच. आणि दार आले की त्याची किल्ली कोणाकडे, हा प्रश्नही आलाच. दुर्दैवाने आपल्या बहुसंख्य संस्थांच्या चालकांनी तो स्वतःला कधी विचारलेलाच नसतो.

या दाराचा इतिहास बोधप्रद आहे. टेलनेट, आरलॉगिन या जुन्या पद्धतींत पासवर्ड जाळ्यातून उघडाच जात असे; जणू तिजोरीचा आकडा पोस्टकार्डावर लिहून धाडावा! १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असे पासवर्ड टिपले गेले, तेव्हा तेथील संशोधक तातू युल्योनेन यांनी सिक्युअर शेल अर्थात एसएसएच ही सांकेतिक प्रणाली सिद्ध केली. १९९९ मध्ये तिच्याच मुक्त आवृत्तीवरून ओपनएसएसएच निर्माण झाली आणि ती आज जगभर वापरात आहे. तिच्यात किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची, खासगी किल्ली आपल्या संगणकातून कधीही बाहेर जाऊ द्यायची नाही. मग पासवर्डने प्रवेश बंदच करता येतो आणि अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ जातात.

तथापि, कुलूप भक्कम असले म्हणजे पहारा नको, असे नव्हे. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या लहानशा सॉफ्टवेअरमध्ये दडवलेले चोरदार उघडकीस आले. काही लिनक्स प्रणालींत एसएसएचची सेवा या घटकाशी जोडलेली असल्याने ते दार थेट सर्व्हरच्या गाभ्यात उघडणार होते. ते बसवणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक सहकाऱ्याचे सोंग घेऊन विश्वास संपादन केला होता. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, या कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तपास केला, म्हणून अनर्थ टळला. मूळ आज्ञावली सर्वांना खुली होती, म्हणूनच तो तपास शक्य झाला, हेही ध्यानी घ्यावे.

आपल्या घरची स्थिती काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि देशाच्या अग्रगण्य रुग्णालयाचे काम कित्येक दिवस हाताने, कागदावर चालवावे लागले. जाळ्याची विभागणी योग्य नव्हती, असे पुढे शासनानेच संसदेत सांगितले. एका दालनात शिरलेला चोर साऱ्या वाड्यात हिंडू शकत असेल, तर दोष केवळ चोराचा नसतो.

शिवछत्रपतींनी गडोगडी हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे समान दर्जाचे तीन अधिकारी नेमले. एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये, ही त्यामागील दृष्टी. आज तीच दृष्टी सर्व्हरला लावावयास हवी. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. सर्वाधिकारी ‘रूट’ खात्याने थेट प्रवेश नसावा. कोण केव्हा आला याची नोंद दुसऱ्याने तपासावी. काम सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याची वा कंत्राटदाराची किल्ली त्याच दिवशी रद्द व्हावी. यास मोठा खर्च लागत नाही. लागते ती शिस्त.

स्वदेशी म्हणजे केवळ यंत्रावरील शिक्का नव्हे. १९९१ मध्ये पुण्याच्या ‘सी-डॅक’ने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध करून आपले सामर्थ्य दाखवून दिलेच आहे. परंतु आपण वापरतो त्या साधनाचे अंतरंग जाणणे आणि त्यावर आपला ताबा राखणे, हेही स्वावलंबनच होय. आपल्या परिचयाच्या पतपेढीत, शाळेत, रुग्णालयात संगणकज्ञ तरुण असतील, तर त्यांनी या कामी पुढे यावे. आणि चालकांनी येत्या बैठकीत एक साधा प्रश्न विचारावा: आपल्या सर्व्हरच्या किल्ल्या आज नेमक्या कोणाकोणाकडे आहेत? उत्तर तत्काळ मिळाले नाही, तर कामाला तेथूनच आरंभ करावा.