जबाबाची भाषा आणि भरपाईचा आकडा

रस्ते अपघातात जायबंदी झालेल्या माणसाला किती भरपाई मिळावी, हे न्यायाधीशाच्या दयाबुद्धीवर ठरते असा समज सीमाभागात आजही घरोघर आढळतो. हा समज चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६८ ने न्यायाधिकरणावर ‘न्याय्य’ भरपाई ठरवण्याचे कर्तव्य टाकले आणि सर्वोच्च न्यायालयाने गेल्या दीड दशकात त्या न्याय्यतेचे रीतसर गणित बांधून दिले. गणितात भरायचे आकडे मात्र कागदपत्रांतून येतात, कागदपत्रे जबाबातून उभी राहतात, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत तो जबाब बहुधा जखमीच्या भाषेत लिहिला जात नाही. मराठी माणसाचे नुकसान तेथेच सुरू होते. ते भावनेचे नसून रोख रुपयांचे नुकसान आहे, हे आम्ही या लेखात दाखवू इच्छितो.

प्रथम गणित पाहू. २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक ठरवून दिला. पंचविशीपर्यंतच्या व्यक्तीला १८, २६ ते ३० वयाला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४. पुढे तो उतरत जातो. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने भावी उत्पन्नवाढीची टक्केवारी निश्चित केली. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याचे वय चाळिशीच्या आत असेल तर उत्पन्नात ४० टक्के भर घालायची, चाळीस ते पन्नास असेल तर २५ टक्के. हे दोन्ही निकाल मृत्यूच्या दाव्यांतले; पण कायमचे अपंगत्व आलेल्या जखमीलाही भावी वाढीचा लाभ मिळतो, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. तिसरा आकडा अपंगत्वाचा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने त्याबाबत घालून दिलेली शिस्त प्रत्येक जखमीने समजून घ्यावी अशी आहे. डॉक्टरांनी दिलेली शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची घटलेली शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेल्या सुताराची कमाई पूर्ण बुडू शकते. तोच हात गमावलेल्या सरकारी कारकुनाची कदाचित मुळीच बुडणार नाही. म्हणून माणूस अपघातापूर्वी नेमके काय काम करत होता आणि आता त्यातले काय करू शकत नाही, हे न्यायाधिकरणाने तपासले पाहिजे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खानापूर तालुक्यातला ३२ वर्षांचा गवंडी, महिन्याची खरी कमाई २०,००० रुपये. पायाच्या दुखापतीमुळे डॉक्टरांनी संपूर्ण शरीराच्या मानाने १५ टक्के अपंगत्व लिहिले. थापी हातात धरता येते, पण परांचीवर चढणे कायमचे थांबले. त्यामुळे कमाईची शक्ती ४० टक्क्यांनी घटली असे धरू. २०,००० मध्ये ४० टक्के भर घातली की २८,००० होतात. वर्षाचे ३,३६,००० रुपये. गुणक १६ लावला की ५३,७६,०००. त्याचे ४० टक्के म्हणजे २१,५०,४०० रुपये. आता हाच माणूस कागदावर ‘गवंडी’ऐवजी ‘कूली’ म्हणून आला, कमाई १२,००० धरली गेली आणि परांचीचा मुद्दा साक्षीत न आल्यामुळे डॉक्टरांचे १५ टक्केच कायम राहिले, असे समजा. त्याच सूत्राने रक्कम येते ४,८३,८४० रुपये. फरक १६,६६,५६० रुपयांचा! कायदा तोच, पाय तोच, न्यायाधीशही तोच. बदलले ते दोन-चार शब्द.

हे शब्द हरवतात कसे? जखमी खाटेवर पडलेला असतो. पोलीस कर्मचारी येतो, मराठीत किंवा मोडक्या हिंदीत विचारतो, उत्तर मराठीत मिळते आणि लिहिले जाते कन्नडमध्ये. गंमत अशी की उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये ‘गौंडी’ हा शब्द चांगला रुळलेला आहे. तरीही घाईत ‘कूली केलसा’ लिहून मोकळे होणे सोपे असते. दोष कन्नड भाषेचा नाही. जखमीला स्वतःचा जबाब तपासता येत नाही, हा दोष आहे. जो वाचू शकतो तो म्हणेल, ‘साहेब, कूली नाही, गवंडी लिहा.’ ज्याला लिपीच परकी आहे तो अंगठा उठवील किंवा सही करील.

व्यवसायाइतकाच धोका क्रियापदांत असतो. ‘मी वळलो होतो’ आणि ‘मी वळत होतो’ यांत मराठी कानाला जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. पहिल्या वाक्यात वळण पूर्ण झाले आहे आणि धडक मागून बसली आहे. दुसऱ्यात जखमीच आडवा आल्याचा अर्थ निघतो. अनुवादात पहिल्याचे दुसरे झाले की विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तेवढ्याच वाक्यावर बोट ठेवतो आणि अपघातात जखमीचाही वाटा होता असे म्हणून रक्कम कापण्याची मागणी करतो. २५ टक्के कपात झाली तर वरच्या २१,५०,४०० मधून ५,३७,६०० रुपये गेले. वयाचेही तसेच. ३९ वर्षांच्या माणसाचे वय कोणी अंदाजाने ४२ लिहिले आणि ते तसेच राहिले, तर गुणक १५ चा १४ होतो आणि भावी वाढ ४० ची २५ टक्के होते.

कोणी म्हणेल, दावा चालवायला वकील असतो, त्याला कन्नड येते, मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की वकील येतो तेव्हा पायाचा कागद तयार झालेला असतो. पुढे कितीही चांगले शपथपत्र केले, तरी ‘पोलिसांपुढे तुम्ही असे सांगितले नव्हते’ हा प्रश्न उभा राहतोच.

दुसरा युक्तिवाद नेहमीचा: ज्या राज्यात राहता त्या राज्याची भाषा शिका. आमची माणसे शिकतात. बाजारात, बसमध्ये, कचेरीत बोलतातही. पण बाजारात घासाघीस करण्यापुरती भाषा आणि शपथेवर उलटतपासणीला तोंड देण्याची भाषा यांत अंतर असते, हे न्यायालयात एक दिवस बसलेल्या कोणालाही पटेल. शिवाय हा न्याय आम्ही दोन्ही बाजूंनी मागतो. जत किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या कन्नड भाषक जखमीचा जबाब त्याला न समजणाऱ्या मराठीत लिहिला जात असेल, तर तोही अन्यायच आहे.

तिसरा युक्तिवाद वरून आला आहे आणि तो अधिक गंभीर आहे. जुलै २०२३ मध्ये अशाच एका अपघात दाव्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. अपघात सिलिगुडीजवळचा, दावा उत्तर प्रदेशातल्या फतेहगढच्या न्यायाधिकरणात. साक्षीदार बंगाली भाषक आहेत म्हणून दावा बंगालमध्ये हलवावा, अशी वाहनमालकाची विनंती होती. न्यायालयाने ती नाकारली. निष्कर्षाशी आमचे भांडण नाही. दावा कोठे दाखल करावा याची निवड कायद्याने जखमी पक्षाला दिली आहे आणि बंगाली न येणाऱ्या अर्जदारांचे तेथे नुकसान झाले असते, हेही न्यायालयाने ओळखले. परंतु हिंदी ही राष्ट्रभाषा असल्याने साक्षीदारांनी हिंदीत बोलावे, अशी अपेक्षाही त्या आदेशात आली. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ ने हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हटले आहे; राष्ट्रभाषा हा शब्द संविधानात नाही. अर्जदाराची भाषेची अडचण खरी असेल तर साक्षीदाराचीही खरीच असते. बेळगावच्या मराठी साक्षीदाराला उद्या कोणी ‘निदान हिंदीत सांग’ म्हणाले, तर ती सवलत नव्हे. तो दुसरा अनुवाद आहे.

इंदूर किंवा गोव्यातल्या वाचकांना निदान देवनागरी कागद वाचता येतो किंवा न्यायालयाचे इंग्रजी घरातले कोणी समजावून देऊ शकते. बडोदे, हैदराबाद आणि बेळगाव येथे लिपीच वेगळी आहे. म्हणून आमच्या मागण्या साध्या आणि कायद्याच्या चौकटीतल्या आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तोंडी दिलेली खबर लिहून ती खबर देणाऱ्याला वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. न समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवणे हे वाचून दाखवणेच नव्हे. तेव्हा ती मराठीत समजावून सांगितल्याची नोंद कागदावर व्हावी. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार जखमीने आपले उत्पन्न, दुखापत आणि खर्च नमुना ६ मध्ये भरून द्यायचा असतो. तो नमुना पोलीस ठाण्यात मराठीतही छापून ठेवावा. कलम १६९ ने न्यायाधिकरणाला सुटसुटीत कार्यपद्धतीची मुभा दिली आहे; तिचा उपयोग करून साक्षीच्या वेळी शपथबद्ध दुभाषी द्यावा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून तडजोडीचा मसुदा सहीपूर्वी मराठीत समजावणे विधी सेवा प्राधिकरणाने बंधनकारक करावे. अनुच्छेद ३५० राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देतो. न्यायालयीन अर्जापर्यंत तो पोहोचतो का, यावर वाद घालता येईल. पोलीस अधिकाऱ्याला दिलेल्या निवेदनाबाबत तो वाद उरत नाही.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. घरात अपघात झाला तर जबाबाच्या वेळी कन्नड वाचणारा एक माणूस खाटेजवळ उभा करा. व्यवसाय, कमाई, वय आणि गाडीची दिशा या चार गोष्टी शब्दशः वाचून घ्या. चूक दिसली तर त्याच आठवड्यात मराठीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पगारपत्रक नाही म्हणून घाबरू नका. कर्नाटकातल्याच एका भाजीविक्रेत्याच्या दाव्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की अशा माणसाकडून उत्पन्नाच्या कागदाची अपेक्षा करता येत नाही. मात्र ज्यांची घरे बांधली त्यांची नावे आणि मजुरीची वही जपून ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्या वैधतेला आव्हान दिले गेले असले तरी त्या भरवशावर थांबू नका.

दुकानाच्या पाटीवरचा मराठी शब्द पुसला गेला की आपण रस्त्यावर येतो, आणि यायलाच हवे. पण पोलीस ठाण्याच्या कागदावर ‘गवंडी’ हा शब्द पुसला जातो तेव्हा एका कुटुंबाची पुढच्या सोळा वर्षांची भाकर पुसली जाते. गावोगावच्या मंडळांनी कन्नड आणि मराठी दोन्ही वाचणारे दोन-दोन स्वयंसेवक नेमले, तरी या लढ्याची सुरुवात येत्या आठवड्यात होऊ शकते.