कॉल आला की स्क्रीनवर दिसणारा नंबर नेमका ठरवतं कोण?

नंबर सेव्ह नाही, ट्रूकॉलर नाही, तरी कॉल करणाऱ्याचं नाव स्क्रीनवर दिसतंय, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अलीकडे पाहिलं असेल. ही सीएनएपी नावाची सुविधा. ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची शिफारस केली आणि आता मोबाइल कंपन्या ती टप्प्याटप्प्याने सुरू करतायत. सिम घेताना अर्जावर जे नाव लिहिलं, ते समोरच्याला दिसतं. आमच्या घरातली सगळी सिमं बाबांच्या नावावर आहेत, त्यामुळे आईने नवीन प्लंबरला फोन केला तर त्याला बाबांचं नाव दिसणार. असो, तो घरगुती घोळ झाला.

खरा मुद्दा वेगळा आहे. सीएनएपी नाव शोधतं ते नंबरवरून. मग मुळात नंबरच खरा नसेल तर?

मोबाइलवरून कॉल करताना तुमचा नंबर तुम्ही पाठवत नाही. सिम ओळखून नेटवर्कच तो लावतं. ऑफिसच्या फोनचं तसं नसतं. तिथे पीबीएक्स असतो, म्हणजे ऑफिसमधली सगळी एक्सटेन्शन्स सांभाळणारी सिस्टीम. टेलिकॉम कंपनीकडून एक एसआयपी ट्रंक आणि त्यावर समजा शंभर नंबर घेतलेले असतात. कॉल बाहेर जाताना यातला कोणता नंबर दाखवायचा, हे पीबीएक्स स्वतः मेसेजमध्ये लिहून पाठवतो. ॲस्टरिस्कमध्ये हे काम कॉन्फिगरेशनच्या एका ओळीचं आहे. मी पहिल्यांदा ती ओळ लिहिली तेव्हा खरंच चपापलो होतो. इथे मी काहीही लिहू शकतो?

लिहू शकता. पुढे टेलिकॉम कंपनी ते तपासते की नाही, यावर सगळं अवलंबून. नीट चालणारी कंपनी बघते की हा नंबर याच ग्राहकाला दिलेल्यांपैकी आहे का. नसेल तर कॉल अडवते किंवा ग्राहकाचा मुख्य नंबर लावून पुढे पाठवते.

हेतू चांगला असला तरी यात गोंधळ होतो. एका कंपनीत ही सिस्टीम माझ्याकडे होती. फ्रीपीबीएक्समध्ये बाहेर जाणारा नंबर एक्सटेन्शन, रूट आणि ट्रंक अशा तीन ठिकाणी भरता येतो. एचआरच्या एक्सटेन्शनला मी वेगळा नंबर बरोबर भरला होता, पण रूटवर ‘ओव्हरराइड एक्सटेन्शन’ची टिक राहून गेली. झालं! एचआरचे सगळे कॉल मुख्य नंबरवरून जायला लागले. इंटरव्ह्यूसाठी फोन केलेली मुलं मिस्ड कॉल बघून परत फोन करायची आणि ‘सेल्ससाठी एक दाबा’ ऐकत बसायची. आपल्याला नक्की कोणी आणि कशासाठी फोन केला, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. आठवड्याभराने एका मुलाने ईमेल करून विचारलं तेव्हा ही टिक सापडली. तोवर त्या जागेसाठी दुसऱ्याची निवड झाली होती.

कॉल फॉरवर्डिंगचा पेच तर अजून अवघड. ग्राहकाने ऑफिसला फोन केला आणि पीबीएक्सने तो माझ्या मोबाइलवर वळवला, तर मला नंबर कोणाचा दिसावा? ग्राहकाचा दाखवला तर टेलिकॉम कंपनीच्या दृष्टीने तो परका नंबर, म्हणजे कॉल अडू शकतो. ऑफिसचा दाखवला तर कोण बोलतंय ते फोन उचलेपर्यंत कळत नाही. मी शेवटी ऑफिसचाच ठेवला. गैरसोय परवडली, पण दुसऱ्याचा नंबर लावायला सोकावलेली सिस्टीम नको.

ही तपासणी ढिली पडली की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. तिथे जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना कॉलवर डिजिटल सही करावी लागते. स्टर-शेकन म्हणतात त्याला. ग्राहकही ओळखीचा आणि नंबरही त्याचाच, अशी खात्री असेल तर ‘ए’ दर्जा. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना बायडन यांच्या एआयने बनवलेल्या आवाजात, मतदानाला जाऊ नका, असे कॉल गेले. स्क्रीनवर नंबर होता भलत्याच स्थानिक व्यक्तीचा. आणि लिंगो टेलिकॉमने त्या कॉल्सना दर्जा दिला होता ‘ए’! कंपनीला १० लाख डॉलर भरावे लागले आणि कॉलमागच्या सल्लागाराला ६० लाख डॉलरचा दंड झाला. तंत्रज्ञान ठीकच होतं. सही करणाऱ्याने ग्राहकाची पुरेशी चौकशी न करता शिक्का मारला होता.

आपल्याकडे परदेशातून येणारे, पण भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवायची यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. सरकारच्या माहितीनुसार पहिल्या २४ तासांतच सुमारे १.३५ कोटी बनावट कॉल अडवले गेले. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे नंबरशी छेडछाड केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

बँकांसाठी आता १६०० ने सुरू होणारे वेगळे नंबर आहेत. सेवा आणि व्यवहारांचे कॉल याच नंबरांवरून करायला ट्रायने व्यावसायिक बँकांना १ जानेवारी २०२६ ची मुदत दिली होती. जाहिरातीचे कॉल १४० वरून. ही कल्पना मला सीएनएपीपेक्षा जास्त पटते, कारण नाव कुठल्याही सिमला असतं आणि भाड्याच्या सिमवर ते भाड्याने देणाऱ्याचं दिसणार. १६०० ची मालिका मात्र ठरावीक संस्थांनाच मिळते. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणालं, तर फोन ठेवा आणि कार्डामागच्या नंबरवर स्वतः कॉल करा. १६०० दिसलं तरी ओटीपी सांगायचा नाहीच.

तुमचं स्वतःचं दुकान, क्लास किंवा स्टार्टअप असेल तर कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते आत्ताच बघा. ट्रायच्या शिफारशीत कंपन्यांना नोंदणीकृत ट्रेडमार्क किंवा व्यवसायाचं नाव दाखवायची सोय सुचवली आहे, पण ती मोठ्या संख्येने कनेक्शन घेणाऱ्यांसाठी. काकांच्या नावावरच्या सिमवरून कॉल कराल तर ग्राहकाला काकाच दिसतील. ज्याच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही अशा मित्राला एक कॉल लावा आणि त्याच्याकडून स्क्रीनशॉट मागवा.