चार लेख फुकट लिहून देऊ नका

'अनुभव किती?' आणि 'आधीचे काम दाखवा.' कंटेंट रायटिंगमध्ये पाऊल टाकणाऱ्या आपल्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी हे ऐकावे लागते. ज्याचा मामा जाहिरात संस्थेत आहे, त्याला काम आधी मिळते आणि नमुने नंतर जमतात. लिहून पैसे कमावणारी घरातली पहिलीच पिढी असेल, तर पुढचे वाक्य ठरलेले : 'आधी चार लेख फुकट द्या, मग बघू.'

देऊ नका. वतनाच्या नावाखाली आपल्या पणजोबांनी वेठ केली. 'एक्सपोजर' हे तिचेच नवे नाव आहे.

मात्र नमुना मागण्यात गैर काही नाही. पाहिल्याशिवाय भाजीही कोणी घेत नाही. पण तो नमुना कोणीतरी छापलेलाच हवा, हा नियम कोणी केला? तीन-चार चांगले नमुने घरी बसून तयार होतात.

पहिला : एखादा शासन निर्णय घ्या. 'सदरहू', 'उपरोक्त', 'अन्वये' यांनी भरलेला तो मजकूर तुमच्या आईला कळेल अशा मराठीत लिहा. मूळ आणि तुमचा मजकूर शेजारी ठेवा. दुसरा : महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कुठे अडते, हे तुम्ही स्वतः भोगलेले आहे. ते टप्प्याटप्प्याने लिहा. तिसरा : वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या धंद्याची ओळख, त्यांना विचारून, शंभर शब्दांत. प्रत्येकाखाली दोन ओळी द्या : कोणासाठी लिहिले आणि असेच का लिहिले. 'सरावासाठी लिहिलेला' असे स्पष्ट नोंदवा. खोटे ग्राहक दाखवू नका. सगळे एका लिंकवर ठेवा आणि ती दुसऱ्याच्या फोनवर उघडते का, ते तपासा.

आता हक्काचे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत नसताना लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक साधारणपणे लेखकच असतो. तो हक्क दुसऱ्याच्या नावे करायला कलम १९ प्रमाणे लेखी करार आणि तुमची सही लागते. हक्क दिल्यावरही 'हे मी लिहिले' असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ राखून ठेवते. पण करारात गुप्ततेची अट असेल तर भांडण तुमच्याच अंगावर येते. म्हणून कामाआधीच विचारा : 'हा लेख मी नमुना म्हणून दाखवू शकतो का?' उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी होकाराला किंमत नसते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. दुसऱ्याच्या पत्रात कधीतरी जागा मिळेल, म्हणून ते थांबले नाहीत. त्यांना छापखाना, कागद, वर्गणी या सगळ्याची जुळवाजुळव करावी लागली. आपल्या खिशात फोन आहे. मग आपण कोणाच्या परवानगीसाठी थांबलो आहोत?

या रविवारी पहिला नमुना लिहा.

जय भीम!