अंथरूण कोणी मोजायचे?

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण घरखर्चापुरती योग्यच आहे. तरुणांच्या आकांक्षांना ती लावणारे मात्र एक लबाडी करतात. अंथरूण मोजण्याचे काम ते स्वतःकडे ठेवतात. काशीतील आपल्या मराठी घरांतही, ब्रह्माघाट-दुर्गाघाटापासून नव्या वसाहतींपर्यंत, ही मोजणी अखंड चालू असते. मुलाचे मराठी घरापुरते, हिंदी बाजारापुरते, इंग्रजी बेताचे. तेव्हा त्याने मोठ्या परीक्षांच्या नादी न लागता मिळेल ती नोकरी धरावी, असा निवाडा देऊन वडीलधारी मंडळी मोकळी होतात. याला व्यवहारज्ञान म्हणण्याची प्रथा आहे. माझ्या मते ही निव्वळ भीती आहे, आणि तीही दुसऱ्याच्या वतीने बाळगलेली.

या भीतीचे आवडते शस्त्र म्हणजे आकडे. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले आणि अखेर १,०१६ उमेदवारांची शिफारस झाली. हजारात एक! एवढे ऐकवले की मुलगा गप्प बसतो. परंतु त्याच हिशेबातली मधली ओळ कोणी वाचत नाही. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. सव्वाचार लाख अर्जदार केंद्राकडे फिरकलेच नाहीत. त्यांची कारणे नाना असतील. पण हजारात एक हे प्रमाण त्यांनाही धरून काढलेले आहे, आणि ते नेटाने अभ्यास करणाऱ्या मुलाच्या तोंडावर फेकणे अप्रामाणिकपणाचे आहे. सरासरी समूहाची असते, व्यक्तीची नव्हे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

याच वाराणसीचे गोविंद जयस्वाल घ्या. घर सायकलरिक्षाच्या धंद्यावर चालणारे. तुझ्यासारख्याने एवढे शिकून काय होणार, हे त्यांनाही शेजाऱ्यांकडून ऐकावे लागले. दिल्लीला पाठवण्यासाठी वडिलांनी जमिनीचा तुकडा विकला. तेथे मुलाने शिकवण्या करून खर्च भागवला. २००६ च्या परीक्षेत हिंदी माध्यमातून, पहिल्याच प्रयत्नात, ते देशात ४८ वे आले. वर्तमानपत्रांनी याला चमत्कार ठरवले. मला तो शब्द खटकतो. चमत्कार म्हटले की इतरांनी वाट धरण्याचे कारणच उरत नाही! शहरातले साधे महाविद्यालय आणि मातृभाषेतून उत्तरे लिहिण्याची मुभा, या दोन गोष्टींवाचून हे घडले नसते. दुसरी गोष्ट कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून मिळाली. ती मराठीलाही लागू आहे. पण परप्रांतातल्या किती मराठी घरांना हे ठाऊक असते?

‘आपण धड इकडचे ना तिकडचे’ हे रडगाणेही जुनेच. बाबूराव विष्णु पराडकर १८८३ मध्ये काशीतील मराठी घरात जन्मले. १९०६ साली कलकत्त्यास हिंदी पत्रात नोकरीस लागले, पुढे क्रांतिकारकांशी संबंधाच्या संशयावरून स्थानबद्धता भोगली, आणि १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘आज’चे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेत अग्रस्थानी पोहोचले. चलनवाढीसाठी हिंदीत रूढ असलेला ‘मुद्रास्फीति’ हा शब्दही त्यांच्याच नावावर सांगितला जातो. दोन भाषांच्या सीमेवर वाढणे ही त्यांची उणीव ठरली नाही.

याचा अर्थ प्रत्येकाने पोटाला चिमटा काढून दहा वर्षे खोलीत कोंडून घ्यावे असा नाही. तसे करणारेही मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या घरच्यांचे हाल थट्टेचा विषय नाहीत. खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत सहा प्रयत्न मिळतात. ते सगळे खर्चलेच पाहिजेत असे कोठे लिहिलेले नाही. किती वर्षे, कोणाच्या पैशावर, नाही जमले तर पुढे काय, हे प्रश्न वडिलांनी मुलाला जरूर विचारावेत. ते विचारायला त्याच्याशेजारी बसावे लागते, त्याचा अभ्यासक्रम उघडून पाहावा लागतो. ‘आपल्याला कुठले जमायला’ हे मात्र उभ्याउभ्याही म्हणता येते.