सातशे ब्याऐंशी रुपयांचा दिवस

गेल्या वर्षी जानेवारीत डॉक्टरांनी माझ्या रक्ततपासणीचा कागद वाचून चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. चौपन्नाव्या वर्षी माणसाला एवढे पुरते. त्याच संध्याकाळी मी घराजवळच्या एका व्यायामशाळेत जाऊन वर्षाचे १८,००० रुपये भरून आलो. काचेचे दरवाजे, गार हवा, भिंतभर आरसे. पैसे भरल्याबरोबर अर्धा आजार बरा झाल्यासारखे वाटले. उरलेल्या अर्ध्यासाठी मी तिथे बरोबर तेवीस दिवस गेलो.

हा हिशेब माझा नव्हे, माझ्या बारा वर्षांच्या लेकीचा. एप्रिलमध्ये पावती तिच्या हाती लागली. हजेरीचे कार्ड पाकिटात होतेच. तिने वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला आणि पाहुण्यांसमोर जाहीर केले, "बाबा, तुमचा एक दिवस सातशे ब्याऐंशी रुपयांना पडला." वर पैसेही होते, ते तिने मोठ्या मनाने सोडून दिले.

दोष व्यायामशाळेचा नव्हता. यंत्रे चांगली होती, शिकवणारा मुलगा आर्जवी होता. दोष माझ्या समजुतीचा होता. पैसे मोजले की वस्तू घरी येते, या सवयीने मी तब्येतही विकत घ्यायला गेलो होतो. आपल्या मध्यमवर्गाला हा रोग अलीकडे फार जडला आहे. आणि तो आम्ही मुलांना, काही न बोलता, रोज शिकवत असतो.

मे महिन्यात आम्ही वेळणेश्वरला गेलो. गुहागर तालुक्यातले हे माझे गाव. टेकडी उतरून रस्ता खाली आला की माडांच्या गर्दीत वेळणेश्वराचे देऊळ आणि त्यापलीकडे कोयत्यासारखा वळलेला किनारा. बाहेरच्यांना ही सुटीची जागा वाटते. आमच्यासाठी इथे आई असते. ऐंशी उलटली तरी ओटीवर बसून सगळ्या पाखाडीवर लक्ष ठेवणारी.

पहाटे उठून वाळूवर चालायला लागलो. भुसभुशीत वाळूत पाऊल रुतते, त्यामुळे सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त शक्ती लागते. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत मी धापा टाकत बसलो. पंधरवड्यात पाऊण तास चालू लागलो. परत आल्यावर विहिरीचे पाणी ओढून आगरात शिंपायचे, मग बारा सूर्यनमस्कार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान दीडशे मिनिटे आणि मुलांनी रोज सरासरी तासभर अंगमेहनत करावी. यात पैशाचा उल्लेख कुठेच नाही, हे माझ्या लक्षात जरा उशिरा आले.

आपल्याकडे तर स्वस्त व्यायामाची मोठीच परंपरा आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले आणि १९३८ मध्ये त्यांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक लंडनला छापले गेले. सतरंजीएवढी जागा, एवढेच भांडवल. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. लालबाग-परळच्या गिरणगावात तर चाळीचाळीतून तालमी आणि कबड्डीचे संघ होते. माझे वडील गिरणीत होते. रात्रपाळी संपवून ते तालमीत जात, आणि तिथली महिन्याची वर्गणी चहाच्या खर्चापेक्षा कमी असे, असे ते सांगत.

हे सगळे मी मोठ्या उत्साहाने आईला ऐकवले. "आमच्या आयांना कुठे लागत होत्या व्यायामशाळा? विहीर होती, जाते होते." आई कुळीथ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो व्यायाम नव्हता रे. ते कष्ट होते. माझे गुडघे बघ." मी गप्प बसलो. जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्या माझ्यासारख्यांना हे कुणीतरी अधूनमधून सांगायला हवे. पोटभर जेवून हौसेने ओढलेले वीस घागरी पाणी वेगळे, आणि अर्धपोटी, डोक्यावर ऊन घेऊन वर्षानुवर्षे ओढलेले वेगळे. स्वस्तात तब्येत कमवायची म्हणजे अन्नात आणि डॉक्टरात काटकसर करायची, असा अर्थ कुणी घेऊ नये. चांगले बूटही मी विकत घेतले आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

पैशाचे शिक्षणही त्याच सुटीत सुरू झाले, तेही आईनेच केले. तिने नातीच्या हातात १,५०० रुपये ठेवले. "आठवड्याची मासळी, भाजी, दूध. पाच माणसे आहोत. उरतील ते तुझे, संपले तर आणखी मिळायचे नाहीत." पोरीने पहिल्याच दिवशी ऐटीत सुरमई घेतली. दुसऱ्या दिवशी आतेभावासकट सगळ्यांना आइस्क्रीम. चौथ्या दिवशी डब्यात नव्वद रुपये उरले आणि तिचा चेहरा उतरला. मी हळूच दोनशेची नोट पुढे सरकवणार तोच आईने माझ्याकडे असे पाहिले, की चौपन्न वर्षांचा मी नोट पुन्हा खिशात घालून परसात निघून गेलो.

पुढचे तीन दिवस कुळथाची पिठी, उकडा भात आणि झाडावरून उतरवलेल्या कोवळ्या फणसाची भाजी. कुणाचेही वजन घटले नाही. उलट व्यायामशाळेत मला अडीच हजारांचा जो पावडरीचा डबा सुचवला होता, त्यातले प्रथिन कुळथात मुबलक असते, हे मी सर्वांना जेवताना सांगितले. कुणी ऐकले नाही. पण दुसऱ्या आठवड्यात तीच मुलगी बांगड्यांच्या भावात दहा मिनिटे घासाघीस करत होती आणि शनिवारी तिच्याकडे १३५ रुपये उरले.

चूक लहान वयात आणि लहान रकमेची व्हावी, असे माझे मत या प्रकाराने पक्के झाले. शहरात आमच्या मुलांना पैसा दिसतच नाही. फोन पुढे केला की भाजी येते, रिक्षा येते, वह्या येतात. कमी झालेले काही डोळ्यांना दिसत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालवण्याची मोकळीक बँकांना दिली, पोस्टातही असे खाते उघडता येते. तरी किती घरांतून मुलाच्या हातात पासबुक असते? आमच्या शेजारी एका गृहस्थांनी मुलाला बारा नमस्कारांना दहा रुपये असा भाव लावला. पोराने एका रविवारी साठ घालून पन्नास रुपये वसूल केले, आणि भाव पाच रुपयांवर आणल्यावर नमस्कारच बंद केले. मला त्याचे कौतुकच वाटले. बाजार त्याला बापापेक्षा चांगला कळला होता.

आता जे सांगायचे आहे, ते सांगायला मला इतका वेळ का लागला, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

सुटी संपत आली तेव्हा लेकीला फडताळात आईच्या जमाखर्चाच्या वह्या सापडल्या. महिन्याला वडिलांची मनिऑर्डर येई. ती आली की आई पैसे डब्यांतून वाटून ठेवी आणि वहीत लिही. अर्धे कोकण तेव्हा असेच जगत होते. लेक मोठ्याने वाचत होती. १९८२ चे पान आले. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मिटलाच नाही. फेब्रुवारीतल्या महाशिवरात्रीला आमच्या देवळाची जत्रा. मी दहा वर्षांचा होतो. जत्रेत मी बॅटसाठी वाळूत लोळण घेतली होती, हे मला लख्ख आठवते. बॅट मिळाली, हेही आठवते. वहीत लिहिले होते, "जत्रा, बॅट, ७ रुपये." त्याच्याच खाली, "उसने घेतले, १० रुपये." त्याखाली बरीच पाने मनिऑर्डरीची नोंद नव्हती.

मी आईला म्हणालो, "सांगितलं असतंस तर मी मागितली नसती."

"म्हणून तर सांगितलं नाही," आई म्हणाली.

तिचे चुकले असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मीही तेच करत होतो, आणि माझ्याजवळ तिच्याइतके चांगले कारण नव्हते. मार्चमध्ये आमच्या कचेरीतले निम्मे लोक कमी केले. मला कंत्राटावर ठेवले, पगार जवळजवळ अर्धा. घराचे हप्ते चालू. बायकोला माहीत होते, लेकीला नाही. तिचा नृत्याचा वर्ग आम्ही एप्रिलपासून बंद केला आणि कारण सांगितले, वेळ जुळत नाही. एका बाजूने आम्ही तिला दीड हजारांचा हिशेब शिकवत होतो, आणि दुसऱ्या बाजूने घराचा खरा हिशेब तिच्यापासून कुलपात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती माझ्याबरोबर चालायला आली. ओहोटी होती, ओली वाळू घट्ट होती. मी तिला सगळे सांगितले. पगार किती होता, आता किती आहे, हप्ता किती जातो, धान्याला किती लागते. आकडे सांगितले, कारण आकडे नसले की मुले मनाने भरतात, आणि ते फार मोठे भरतात. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "म्हणजे नाचाचा क्लास त्यामुळे बंद केला?"

"हो."

"मला वाटलं, मला नाच येत नाही म्हणून."

आम्ही तसेच किनाऱ्याच्या टोकापर्यंत गेलो. परत फिरताना तिने विचारले, हप्ते अजून किती राहिले. मी म्हणालो, अडतीस. तिने मनातल्या मनात काहीतरी मोजले आणि म्हणाली, तेव्हा मी पंधरा वर्षांची असेन. मग तिला भूक लागली, म्हणून आम्ही जरा भरभर चालू लागलो.